गरोदरपणातला आहार आणि लहान मुलांचा कॅन्सर: खान्देशातल्या घरांसाठी काय करायचं, कधी करायचं

मुलाला ब्लड कॅन्सर असल्याचं निदान झालं की घरातलं कुणी ना कुणी आईकडे वळून विचारतं, "दिवस गेले होते तेव्हा हिनं काय खाल्लं होतं?" या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात आधी देते. आईनं अमुक खाल्लं म्हणून मुलाला कॅन्सर झाला, असं रोजच्या जेवणातल्या एकाही पदार्थाबद्दल सिद्ध झालेलं नाही. लहान मुलांचा कॅन्सर मुळात दुर्मीळ आहे. जगभरात १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना तो दरवर्षी होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या साधारण १० टक्के मुलांत जन्मतः आलेला जनुकीय दोष सापडतो. बाकीच्या बहुतेकांत ठाम कारण हाती लागत नाही. तुमच्या घरात असं आजारी मूल असेल, तर त्याच्या आईला हा परिच्छेद वाचून दाखवा. तिचा दोष नाही.

मग आहाराबद्दल लिहायचं कशाला? कारण काही गोष्टींचा आणि मुलांच्या कॅन्सरचा संबंध वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे: फॉलिक अ‍ॅसिड, कीटकनाशकं, तंबाखू, दारू, पोटाचा एक्स-रे. संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, हे खरंच. पण या यादीतली प्रत्येक काळजी बाळाच्या मेंदूसाठी, वजनासाठी आणि आईच्या रक्तासाठी तशीही घ्यावीच लागते. कॅन्सरचा धोका कमी झाला तर तो वरचा फायदा.

पोटात असताना काय घडतं

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. तो बहुधा २ ते ५ या वयात दिसतो, पण त्याची सुरुवात कित्येकदा जन्माआधीच झालेली असते. हे कळलं ते नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या थेंबांवरून. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे जन्मावेळचे जपून ठेवलेले थेंब ब्रिटनमधल्या मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या सुमारास तपासले, तेव्हा त्यांत तोच जनुकीय बदल आधीपासून होता.

दिलासा देणारी गोष्ट यापुढे आहे. असा पहिला बदल काही अभ्यासांनुसार शंभरातल्या सुमारे एका निरोगी बाळातही सापडतो, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना पुढे आजार होतो. बहुतेकदा जन्मानंतर दुसरा बदल घडला तरच कॅन्सर होतो. पेशी भराभर वाढत असताना डीएनएची नक्कल बिनचूक उतरायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं; गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप. ते कमी पडलं तर डीएनएचे धागे तुटण्याची शक्यता वाढते. आईच्या ताटाचा या सगळ्याशी संबंध येतो तो इथे.

पहिली पायरी: फॉलिक अ‍ॅसिड, दिवस जाण्याच्या आधीपासून

एवढी एकच पायरी लक्षात राहिली तरी लेख वसूल झाला असं मी म्हणेन.

कॅनडात १९९८ पासून मैद्यात फॉलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं झालं. ते केलं होतं बाळाच्या पाठीच्या कण्यातले दोष टाळण्यासाठी. पण त्यानंतर ऑन्टारिओ प्रांतात न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. पुढे २००७ साली टोरांटोच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र मांडले. गरोदरपणी फॉलिक अ‍ॅसिडसह जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्या आयांच्या मुलांत ल्युकेमिया, मेंदूच्या गाठी आणि न्यूरोब्लास्टोमा हे तिन्ही कमी आढळले. २०१४ साली अनेक देशांची माहिती जोडून केलेल्या मोठ्या अभ्यासात ल्युकेमियातली घट साधारण १५ टक्के निघाली, म्हणजे आधीच्या आकड्यांपेक्षा बरीच कमी. मला हा दुसरा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. पण दिशा दोन्हीकडे एकच आहे.

आता वेळेचं गणित बघा. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. आपल्याकडे पाळी चुकल्यावर पंधरा-वीस दिवस वाट बघितली जाते, मग दवाखाना होतो. तोपर्यंत ती मुदत निघून गेलेली असते. म्हणून ज्या घरात यंदा लग्न आहे, किंवा दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे, तिथे गोळी आधी सुरू व्हायला हवी, निदान एक महिना, शक्यतो तीन. आखाजीला लेक माहेरी आली की तिच्याशी हा विषय काढायला उत्तम वेळ असते. साडी-चोळीसोबत गोळ्यांची दोन पाकिटं द्या.

मेडिकलमध्ये जाल तेव्हा एक गोष्ट जपा. फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं की बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात येते. साध्या बाईला लागतं ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. मोठी गोळी डॉक्टर देतात ती ठरावीक बायकांना: आधीच्या बाळात कण्याचा दोष होता, फिटची औषधं चालू आहेत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे अशांना. पाकिटावरचा आकडा वाचा, आणि वाचता येत नसेल तर आशाताईंना दाखवा.

जास्त फॉलिक म्हणजे जास्त फायदा, असं नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. ही प्रवृत्ती मधुमेहाकडे नेणारी. खान्देशात माळकरी आणि शाकाहारी घरं पुष्कळ, आणि बी-१२ मिळतं ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच. तेव्हा शाकाहारी बाईनं रोज दोन वेळा दूध-दही घ्यायचंच, आणि डॉक्टरांना बी-१२ तपासायला स्वतःहून सांगायचं.

दुसरी पायरी: लाल गोळी नीट घेणं

चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून लोहाची लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ती चालू झाली की फॉलिकची वेगळी गोळी सहसा लागत नाही. सोबत कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या.

गोळ्या मिळतात, पण डब्यातच राहतात. मळमळतं, शौचाला काळं होतं, मग बाई घाबरून बंद करते. काळं होणं हे लोहाचंच लक्षण आहे, त्यात धोका काही नाही. रात्री जेवणानंतर, झोपायच्या आधी घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. अर्ध्या लिंबाचं पाणी सोबत घ्या, लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र गोळीच्या दोन तास आधी-नंतर नको. कॅल्शियम दुसऱ्या वेळी, सकाळी आणि दुपारी जेवणासोबत.

नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्याकडच्या आदिवासी गावांत सिकलसेलची तपासणी आधी करून घ्या. सिकलसेलचा आजार असेल तर लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचं. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बायांनी निघण्याआधी तीन-चार महिन्यांच्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत बांधून न्यावं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

तिसरी पायरी: ताट

बाहेरून काही विकत आणायची गरज फारशी नाही. कळण्याची भाकरी घ्या. दादर ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळलेले, म्हणजे धान्य आणि डाळ एकाच भाकरीत. उडदात फोलेट आहे, लोह आहे. तिच्यासोबत पोकळा, तांदुळजा, मेथी, अंबाडी किंवा चवळईची भाजी आणि वर लिंबू पिळलं, की एका जेवणात बरंच काही साधलं. पालेभाजी फार शिजवू नका आणि शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, फोलेट त्यातच उतरतं.

कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात गर्भ राहण्याच्या आधीच्या वर्षात भाज्या, फळं आणि प्रथिनं जास्त खाणाऱ्या आयांच्या मुलांत ल्युकेमिया कमी आढळला. पुण्याच्या त्याच सहा गावांतही पालेभाजी, फळं आणि दूध जास्त घेणाऱ्या आयांची बाळं अंगानं भरलेली निघाली. दोन अगदी वेगळ्या मुलखांतली ताटं, आणि दोन्हीकडे भाजीपाल्याच्या बाजूनंच कौल.

चौथ्या महिन्यानंतर रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात: जवळजवळ एक भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण. शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनं रोज सुमारे २२ ग्रॅम जास्त. म्हणून वरण पातळ पाण्यासारखं नको. मोड आलेली मटकी, हरभरे, दाळगंडोरी, ज्यांना चालतं त्यांना अंडं. सकाळी भाकरी-भाजी-दूध, मधल्या वेळेला केळ आणि मूठभर शेंगदाणे, दुपारी कळण्याची भाकरी, पालेभाजी, वरण, ताक, संध्याकाळी पेरू किंवा आवळा, रात्री खिचडी किंवा भाकरी-उसळ. एवढं झालं तरी खूप.

केळीबद्दल थोडं. रावेर-यावलच्या बागांतून देशभर केळी जाते, आणि त्याच गावात गरोदर सुनेला 'थंड पडेल' म्हणून केळ देत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. पिकलेलं केळ तिला द्या. तसंच 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल' म्हणून ताट कमी करणंही बंद व्हायला हवं. फार मोठ्या वजनाच्या बाळांत ल्युकेमियाचा धोका किंचित जास्त दिसतो हे खरं, पण आपल्या गावांत अडचण बहुधा कमी वजनाच्या बाळांची आहे. वजन वाढतं ते अनेकदा साखरेमुळे, म्हणून पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन होणारी तपासणी करून घ्या.

शेवभाजी, भरीत, ठेचा यांवर बंदी घालू नका. जळजळ होत असेल तर तिखट-तेल कमी करा, आणि शेव आठवड्यातून एखाद्या वेळी. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पाणी आणि ताक मात्र दुप्पट.

आदिवासी गावांत अंगणवाडीतून अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम पूर्ण जेवण मिळतं. ते तिथेच बसून खा. डबा घरी आला की त्यात पाच जणांचे हात पडतात.

चौथी पायरी: शेंगदाणे निवडणं

खान्देशात शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक होत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. ओलसर जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर जी बुरशी येते ती अ‍ॅफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याचं नाव आहे. यकृताचा कॅन्सर आणि ते यांचं नातं पक्कं आहे, आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. मुलांच्या कॅन्सरशी थेट संबंध दाखवलेला नसला तरी गरोदर बाईच्या पोटात ते जाऊ नये, यात दुमत नाही.

दाणे सुपात पसरा आणि उजेडात बघा. सुरकुतलेला, काळपट, हिरवट-पिवळी भुकटी लागलेला, फोडल्यावर आत डाग असलेला, चावल्यावर कडू लागणारा दाणा काढून टाका. कडू दाणा तोंडात आला तर गिळू नका, थुंका. 'भाजलं की जातं' हा समज चुकीचा आहे. भाजल्यानं विष थोडं कमी होतं, संपत नाही. खराब दाणे कुटून चटणीत घालणं तर सगळ्यात वाईट, कारण मग ते ओळखूच येत नाहीत. गाई-म्हशीला खराब पेंड घातली तरी तेच विष दुधात उतरतं. शेंगा नीट वाळवून, कोरड्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. दाणे एकदम वर्षाचे फोडून ठेवू नका, लागतील तसे फोडा.

पाचवी पायरी: फवारणी

आहाराचा लेख आणि फवारणीचं काय, असं वाटेल. पण कापूस, केळी, मिरचीच्या या मुलखात पोटात काय जातं हे शेतापासून सुरू होतं. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र केले गेले, तेव्हा गरोदरपणी कामावर कीटकनाशकांशी संबंध आलेल्या आयांच्या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. दुर्मीळ आजाराचं दुप्पट म्हणजेही थोडंच. तरी या लेखातल्या सगळ्या धोक्यांत आपल्या भागाला सगळ्यात जवळचा हाच आहे, असं मला वाटतं.

गरोदर बाईनं औषध कालवायचं नाही, पंप भरायचा नाही, फवारणी चालू असलेल्या शेतात निंदणीला किंवा कापूस वेचायला जायचं नाही. दिवस जायची शक्यता असेल तेव्हापासूनच. मजुरीवर जाणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नाही, म्हणून मुकादमाशी आणि शेतमालकाशी नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं बोलावं.

फवारून आलेल्या माणसानं घरात शिरण्याआधी बाहेरच्या मोरीवर कपडे काढावेत, साबणानं अंघोळ करावी, मग लेकराला जवळ घ्यावं. ते कपडे त्यानं स्वतः, वेगळ्या बादलीत धुवावेत. बहुतेक घरांत ते कपडे धुते गरोदर बायकोच, उघड्या हातांनी, आणि याकडे कुणाचं लक्षच जात नाही. औषधाचा रिकामा डबा पाण्याला, धान्याला, तेलाला कधीच वापरू नका. घरात ढेकूण-झुरळांसाठी फवारणी असेल तर ती बाई माहेरी गेली असताना करा. भाजी आणि फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पालेभाजी मोडून दोन-तीन पाण्यांतून काढा. कोबीची वरची पानं टाकून द्या.

सहावी पायरी: काय बंद

मिश्री आधी. दात घासायला म्हणून लावली जाते, पण ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि दिवसातून चार-पाच वेळा लावणाऱ्या बाया मी पाहते. त्यानं बाळाचं वजन घटतं. एकदम सुटत नसेल तर वेळा कमी करत जा आणि हातात बडीशेप ठेवा. नवऱ्याची विडी-सिगारेट घराबाहेरच काय, पण बंदच व्हायला हवी: वडिलांच्या धूम्रपानाचा आणि मुलांच्या ल्युकेमियाचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

दारू कुठलीच नको, मोहाचीही नको. गरोदरपणी दारू घेतलेल्या आयांच्या मुलांत मायलॉइड प्रकारचा ल्युकेमिया जास्त आढळला आहे. मोहाची फुलं वाळवून, भाजून खाणं हा वेगळा विषय. त्यांना हरकत नाही. चहा दोन कप, कॉफी एखादाच. डबाबंद सॉसेज-सलामी नको.

मुलगाच व्हावा म्हणून दिली जाणारी पुडी, बी किंवा काढा अजिबात नको. हे मी कळकळीनं लिहिते. आईनं पोटात घेतलेल्या गोष्टीनं मुलाला कॅन्सर झाल्याचं सगळ्यात पक्कं उदाहरण आहारातलं नाहीच, औषधातलं आहे. गर्भपात टाळण्यासाठी १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गरोदर बायांना डीईएस हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक दिलं जाई. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांना आढळलं की त्या आयांच्या लेकींना ऐन तरुणपणी योनिमार्गाचा एक अतिशय दुर्मीळ कॅन्सर होतो आहे. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. लिंग तर गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असतं.

एक्स-रे काढायची वेळ आली तर गरोदर असल्याचं, किंवा पाळी चुकल्याचं, आधी सांगा. ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ मध्ये पहिल्यांदा दाखवलं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे आणि मुलांचा कॅन्सर यांचा संबंध आहे. आजची मात्रा तेव्हापेक्षा बरीच कमी असते, आणि अत्यावश्यक असेल तर डॉक्टर ठरवतील. सोनोग्राफीत किरण नसतात, तिची भीती नको.

बाळ झाल्यावर

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुटी, मध, वरचं पाणी नको. २०१५ साली अनेक अभ्यासांच्या एकत्र पाहणीत, सहा महिने किंवा जास्त अंगावर प्यायलेल्या मुलांत ल्युकेमिया सुमारे १९ टक्क्यांनी कमी दिसला. बाळंतिणीला मेथीचे, डिंकाचे लाडू द्याच, पण भाजी आणि फळं बंद करून नव्हे.

आणि सगळं पाळूनही मूल आजारी पडू शकतं, म्हणून ही लक्षणं पाठ असू द्या: दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणारा ताप, वाढत जाणारा पांढुरकेपणा, अंगावर विनाकारण निळे डाग किंवा हिरड्यांतून रक्त, हाडं दुखतात म्हणून मूल चालायचं थांबणं, मानेत-काखेत-पोटात गाठ, सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी आणि उलटी, फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकणं. अशा वेळी झाडपाल्यात आठवडे घालवू नका. श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, कारण ती वेळेत पोहोचतात आणि उपचार पूर्ण करतात. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दाखवा. तिथून गरजेप्रमाणे मुंबईच्या टाटा मेमोरियलला पाठवतात. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि मुलाचे सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत घ्या, आणि काउंटरवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा.